मुलाची आबाळ, मारहाण आणि कायदा : एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. तिसरीतली एक मुलगी आजीजवळ मागे राहिली आहे. आजीला मोतीबिंदूमुळे धड दिसत नाही, तीन वर्षांच्या भावाला हीच सांभाळते आणि त्यापायी तिची शाळा बुडते. चौथीतल्या एका मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले. वडील पितात आणि मंगळवारच्या आठवडी बाजारानंतर मुलगा हमखास मार खाऊन येतो. आठवीतल्या एका मुलीचं ‘यंदा उरकून टाकू’ असं घरात चाललंय. मुख्याध्यापक म्हणतात, लोकांच्या घरच्या भानगडीत पडू नका. यातलं कायद्याने अत्याचार कुठलं, दुर्लक्ष कुठलं, आणि कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे का?

ताई,

तिघांसाठीही काहीतरी करायचं आहे, पण तिघांसाठी एकच गोष्ट करायची नाही. मी या कामात बावीस वर्षं आहे. आधी संस्थेत कार्यकर्ती होते, मग वकिली केली, आणि मधली तीन वर्षं बाल कल्याण समितीवर होते. या काळात मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान मी एकाच कारणाने होताना पाहिलं. आसपासची भली माणसं ‘हे कायद्यात बसतं का’ याचा विचार करत थांबून राहतात. म्हणून कायदा कसा बघतो ते आधी नीट सांगते.

मुख्य कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. यात ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. कलम २ मध्ये साठेक व्याख्या आहेत. त्यात शारीरिक शिक्षेचीही आहे, पण ‘दुर्लक्ष’ किंवा ‘अत्याचार’ या शब्दांची स्वतंत्र व्याख्या तुम्हाला सापडणार नाही. नव्या वकिलांनाही याचं आश्चर्य वाटतं. हे दोन्ही शब्द कायद्यात वापरले आहेत दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या कामांसाठी, आणि त्यांचा अर्थ त्या जागेवरूनच काढावा लागतो.

पहिली जागा कलम २(१४). ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कोण, याची तिथे लांबलचक यादी आहे. ज्याच्यासोबत मूल राहतं त्याने, मग तो पालक असो वा नसो, मुलाला इजा केली असेल, त्याचं शोषण केलं असेल, छळ केला असेल किंवा आबाळ केली असेल, तर ते मूल या यादीत येतं. नुसती जिवे मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी दिली असेल आणि ती खरी होण्याची शक्यता असेल, तरी येतं. ज्या माणसाने आधी दुसऱ्या मुलाशी असं केलंय त्याच्याकडे राहणारं मूल, बेघर मूल, भीक मागणारं, हरवलेलं, घरातून पळालेलं, ज्याला कोणीच नाही असं, व्यसनात किंवा मानवी व्यापारात ओढलं जाण्याचा धोका असलेलं, आणि लग्नाच्या वयाआधी लग्न लावलं जाण्याच्या बेतात असलेलं मूलही यात आहे. ‘होण्याची शक्यता’ हे शब्द यादीत पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे काही घडून जाईपर्यंत वाट बघा, असं कायदा सांगतच नाही.

इथे कोणी आरोपी नसतो. प्रश्न एवढाच असतो की या मुलाला आत्ता कोणाच्या आधाराची गरज आहे का. तो ठरवते बाल कल्याण समिती : एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. समितीपुढे मूल पोलिसांनीच आणावं असंही नाही. शासकीय कर्मचारी, समाजसेवक, नर्स, डॉक्टर, कोणीही जागरूक नागरिक आणू शकतो, आणि मूल स्वतःही येऊ शकतं.

दुसरी जागा कलम ७५, आणि हे शिक्षेचं कलम आहे. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणात आहे, त्याने मुलाला मारहाण केली, टाकून दिलं, छळलं, धोक्यात सोडलं किंवा हेतुपुरस्सर आबाळ केली, आणि ती अशा रीतीने की मुलाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक क्लेश होण्याचा संभव आहे, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मूल सांभाळायला ठेवलेल्या संस्थेतल्या माणसाने हे केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

या कलमातल्या प्रत्येक शब्दाला वजन आहे. ‘प्रत्यक्ष ताबा’ म्हटल्याने फक्त आईबापच नव्हेत, तर मामा, सावत्र वडील, वसतिगृहाचा अधीक्षक, क्लासवाले हे सगळे यात येऊ शकतात. ‘क्लेश होण्याचा संभव’ म्हटल्याने हाड मोडलंच पाहिजे असं नाही. ‘मानसिक’ म्हटल्याने कोंडून ठेवणं, सततचा अपमान, आईला त्याच्यासमोर मारणं या गोष्टींचाही विचार होऊ शकतो, भले अंगावर एक ओरखडा नसो. आणि आबाळीच्या मागे ‘हेतुपुरस्सर’ लावलंय. तुमच्या तिसरीतल्या मुलीची गोष्ट याच शब्दावर येऊन थांबते.

समितीवर असताना एका जानेवारीत दोन बहिणींना आमच्यापुढे आणलं. फाईलवर शेरा होता : ‘आईवडिलांनी टाकून दिलेल्या’. थोरली दहाएक वर्षांची, धाकटी तिचा पदर धरून बसावं तशी तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसलेली. मी विचारलं, आईबाबा कुठे आहेत? थोरलीने दप्तरातून वही काढली आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर तीन फोन नंबर होते : तोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा, फडावरच्या (ऊसतोडीच्या शेतावरच्या) चुलत्याचा आणि गावातल्या किराणा दुकानदाराचा. दुकानात आईने तेल, मीठ, चहा-साखरेचं खातं लावून दिलं होतं. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला दुकानदाराच्या फोनवर बापाचा फोन यायचा आणि दोघी तिथे जाऊन उभ्या राहायच्या. ‘टाकून दिलं’ हा शेरा लिहिणाऱ्याने ही वही बघितलीच नव्हती.

बारा वर्षांखालच्या मुलाला टाकून देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्यासाठी मुलाला पूर्णपणे टाकून देण्याचा इरादा लागतो. आणि कलम ७५ ला तर परंतुकच जोडलंय : जन्मदात्यांना हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं, तर ते हेतुपुरस्सर नव्हतं असंच गृहीत धरायचं. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेलं जोडपं, ‘एक कोयता’ (तोडीची एक जोडी) म्हणून मुकादमाच्या वहीत बांधलेलं, पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत राहतं. लेकरांना तिथे नेलं तर शाळा जाते आणि उघड्यावर राहण्याचा धोका, मागे ठेवलं तर ही अशी परवड. या माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा कायदा आपल्याकडे नाही, आणि नसावा असं मला मनापासून वाटतं. गरिबीलाच आबाळ म्हणायची सवय यंत्रणेतल्या माणसांना फार लवकर लागते.

याच्या उलट एक घर सांगते. तालुक्याचं गाव, दोन मजली घर, वडिलांना कायमची नोकरी. अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे इन्सुलिनवाचून जगणं नाही. कोणा बाबाच्या सांगण्यावरून घरच्यांनी इन्सुलिन बंद केलं. रुग्णालयाने दोनदा लेखी बजावलं होतं. तिसऱ्या वेळी मुलगा बेशुद्ध अवस्थेत आला. घरात खायला होतं, शाळेची फी भरलेली होती, गणवेशाला इस्त्री होती. तरीही कायद्याच्या भाषेतली आबाळ ती हीच. मी स्वतः तीन प्रश्न विचारते : सांभाळणाऱ्याला धोका माहीत होता का? टाळणं त्याच्या हातात होतं का? तरीही त्याने केलं नाही का? कायद्यात ते असे लिहिलेले नाहीत, पण ‘हेतुपुरस्सर’ या शब्दापर्यंत पोहोचायला मला त्यांचाच उपयोग झाला आहे.

आता तुमच्या मुलीचं. आईबापांवर गुन्हा नाही. पण मुलीला आधाराची गरज आहे, यात शंका नाही. भाऊ तीन वर्षांचा आहे, म्हणजे अंगणवाडीत बसू शकतो. अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात असतील तर तिची हजेरी पुढच्या आठवड्यातच सुधारेल. आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, आशाताईंना सोबत न्यायला सांगा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची आणि संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे, तुमच्या तालुक्यात जागा आहे का ते विचारा. गावात बाल संरक्षण समिती असते. कागदावर का असेना, पण असते, आणि तिच्या बैठकीत हा विषय घ्यायला सांगता येतो. यातलं काहीच जमलं नाही आणि आजीच्याने होईना, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा.

चौथीतल्या मुलाचं मात्र तसं नाही.

घरात बापाने मारणं आपल्याकडे कायदेशीर आहे असा एक पक्का समज आहे. तो कुठून आला ते कळतं. बाल न्याय कायद्याचं शारीरिक शिक्षेवरचं कलम ८२ फक्त बालगृहांसारख्या संस्थांपुरतं आहे. शाळेत शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. घराचं नाव घेऊन अशी मनाई कुठेच केलेली नाही, हे खरं. पण त्याचा अर्थ घरात मोकळीक आहे असा होत नाही. कलम ७५ मधली ‘मारहाण’ घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही, आणि दुखापतीची सर्वसाधारण कलमंही बापाला सोडत नाहीत. एखादी चापट आणि पट्ट्याने काढलेले वळ यांत न्यायालय फरक करतं. वस्तू वापरली का, पुन्हा पुन्हा होतं का, मुलाचं वय काय, खुणा किती दिवस राहिल्या, हे बघतं. तुम्ही लिहिलेली हकिकत मला चापटीच्या बाजूची वाटत नाही. दर बाजाराच्या दिवशी घडणाऱ्या गोष्टीला शिस्त लावणं म्हणता येणार नाही. मूल कलम २(१४) मध्ये नक्की बसतं. कलम ७५ चा गुन्हा होतो का, ते तपासात ठरेल आणि ते ठरवणं तुमचं काम नाही.

तुमचं काम नोंद करण्याचं. ही नोंद कशी असावी ते दाखवते, कारण पुढे सगळं तिच्यावर उभं राहतं : ‘बुधवार, सकाळी साडेदहा. कवायतीत हात वर केल्यावर शर्ट वर सरकला, तेव्हा कमरेच्या वर तीन लांब वळ दिसले. एक लालसर, दोन काळपट. काय झालं विचारल्यावर म्हणाला, “पप्पानी पट्टा घेतला, उशीर केला म्हनून.” दुपारी भिंतीला पाठ टेकून बसला नाही.’ एवढंच. ‘वडिलांनी अमानुष मारहाण केली’ असं लिहू नका, ते तुमचं मत झालं. मुलाचे शब्द त्याच्या बोलीत, जसेच्या तसे. एकदा विचारलंत तेवढं पुरे, चार जणांनी चार वेळा विचारलं की मूल गप्प होतं किंवा आपल्याला हवं ते बोलतं. सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला तिच्या वडिलांच्या देखत विचारलं होतं. तिने मान हलवून ‘नाही’ म्हटलं आणि त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. ते अजून मला छळतं. आणि वळांचे फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कृपा करून टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हाच कलम ७४ चा गुन्हा आहे.

आता बंधनकारक आहे का, ते. इथे कायदा एकसारखा नाही. टाकून दिलेलं, हरवलेलं किंवा अनाथ दिसणारं मूल तुमच्या हाती आलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत कळवणं सक्तीचं आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. घरातल्या मारहाणीबाबत अशी थेट सक्ती नाही. पण मुलाच्या सुरक्षिततेची तुमची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

लैंगिक अत्याचाराचं मात्र पूर्ण वेगळं आहे, आणि ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने डोक्यात कोरून ठेवावी. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा घडलाय हे ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी ज्याला धास्ती आहे, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं. पुरावा गोळा करून नव्हे, नुसत्या धास्तीवर. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं होत नाही, ती प्रत्येकाची स्वतःची आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. तुमच्या मुख्याध्यापकांना हे वाचून दाखवा. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असंही त्याच कलमात लिहिलंय, तेही वाचा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं स्पष्ट म्हटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतरही शाळेच्या जबाबदार मंडळींवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला.

पोक्सोत कशाला काय म्हणायचं यावरून एकदा मोठा घोळ झाला, तो माहीत असलेला बरा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा निकाल दिला की कपड्यांवरून बारा वर्षांच्या मुलीची छाती दाबणं हा कलम ७ चा लैंगिक हल्ला नाही, कारण त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही. त्या आठवड्यात मला किती तरी आयांचे फोन आले. सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी निकाल रद्द केला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, मधे कपडा होता की नव्हता हे नाही. आणि स्पर्शच हवा असंही नाही : घाणेरडं दाखवणं, पाठलाग, अश्लील बोलणं ही कलम ११ ची लैंगिक छळवणूक आहे. अठरा वर्षांखाली मुलाची ‘संमती होती’ या बचावाला अर्थ नाही.

यावरूनच आठवीतल्या मुलीकडे येते. तिला कोणी मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही, घरचे तिला जपतही असतील. पुढच्या हंगामाला नवा कोयता तयार होईल, किंवा वयात आलेली पोर मागे एकटी ठेवायला नको, अशा विचाराने ते लग्न लावतात. हे मी इतक्या घरांत ऐकलंय की तो विचार कुठल्या भीतीतून येतो ते मला समजतं. तरीही ती कलम २(१४) मध्ये बसते, आणि आत्ताच बसते, साखरपुडा व्हायची वाट बघायची गरज नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. लग्न लावणारे, ठरवणारे आणि आड न येणारे पालक, सगळे त्यात येतात. न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने अस्तित्वातच येत नाही. आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच आहे. तिच्या आईला हे घरी जाऊन, चहा घेत, नीट समजावून सांगा. बऱ्याच आयांना नको असतं ते लग्न, फक्त थांबवायला कोणीतरी बाहेरचं हवं असतं. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना लेखी द्या आणि पोच घ्या.

तुम्हाला एक धाकधूक असणार : मी कळवलं तर पोराला उचलून बालगृहात टाकतील. असं होऊ नये म्हणूनच कायद्याने संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानलाय. समिती आधी घरची चौकशी करायला लावते, त्याचा अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. मूल घरीच ठेवून देखरेख, वडिलांचं समुपदेशन, काही दिवस मामाकडे किंवा आजोळी, हे सगळे आदेश समिती देऊ शकते. आई एकटीने सांभाळणार असेल आणि निकषात बसत असेल तर बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. यंत्रणा ढिली आहे, अहवाल पंधरा दिवसांत येतोच असं नाही, हे मी आतून बघितलंय. पण कळवलेल्या मुलावर निदान एक फाईल असते आणि तिच्यावर कोणाची तरी सही असते.

१०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा, चोवीस तास चालतो, स्वतःचं नाव न सांगताही बोलता येतं. मुलाचं नाव, शाळा, काय दिसलं, कधी दिसलं, एवढं सांगा आणि फोनची वेळ वहीत लिहून ठेवा. मुलाला समितीपुढे न्यायची वेळ आली तर शक्य असेल तर तुम्ही सोबत जा. अनोळखी माणसांच्या टेबलासमोर बसताना त्याला त्याच्या बाई दिसल्या पाहिजेत.

बाजार मंगळवारी असतो असं तुम्ही लिहिलंय. फोन त्याआधी व्हायला हवा.